जवळ्याच्या बंद घरातली बोरमाळ

१

मिराबाईंनी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, खालीवर केला, पुन्हा घातला, आणि मग अशी किंकाळी फोडली की बाहेर टेम्पोत गाद्या चढवणारे हमाल गाद्या तिथंच टाकून आत धावले.

"माझी बोरमाळ! गेली वो माझी बोरमाळ! लुटलं रे मेल्यांनो मला!"

जगन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, हातात चाव्यांचा जुडगा. हे घर त्याच्या राखणीत होतं. कर्ज थकलं की बँक घराचा ताबा घेते. पण पुढं त्या रिकाम्या घराची कुलपं बदलायची कोणी, लाखेचं सील लावायचं कोणी, गवत काढायचं, वाळवी मारायची, पहाऱ्याला माणूस बसवायचा कोणी? हिंगोली जिल्ह्यात हा सगळा ठेका जगनकडं. सोयरेधायरे विचारायचे तेव्हा तो "इमारतींच्या देखभालीचं काम हाय" म्हणून वेळ मारून न्यायचा. पाठीमागं लोक त्याला कुलूपवाला म्हणत, आणि ते त्याच्या कानावर आलेलं होतं. लग्नाच्या पंगतीत हा गडी मुद्दाम शेवटच्या ओळीत बसायचा. न जाणो, वाढायला येणारा माणूस कुलूप लावलेल्या घराचाच मालक निघायचा!

जवळा बाजारचं हे दुमजली घर प्रमोदचं. मंगल कार्यालय बांधायला त्यानं घर तारण ठेवलं, कार्यालयाच्या भिंती कमरेइतक्या आल्या आणि तिथंच थांबल्या. ताबा झाला त्या दिवशी प्रमोद आणि त्याची विधवा आई मिराबाई हिंगोलीला भाड्याच्या खोलीत गेले. बायको पुनम, पोटात लेकरू असलेली, आखाडा बाळापूरला माहेरी गेली. सामान मात्र आतच अडकलं. ते न्यायची परवानगी आता कुठं मिळाली होती, म्हणून आज सकाळी जगननं सगळ्यांच्या देखत सील फोडलं. सील जसंच्या तसं होतं. कुलपावर साधा ओरखडा नव्हता.

"साहेब लोक आले तव्हा मला वाटलं, बायांच्या अंगावरचं बी उतरून घेतेत," मिराबाई रडत सांगत होत्या. "चिंधीत गाठ मारली आन् तांदळात दाबली. मंग घर माणसांनी भरलं, काढायला मोकाच मिळाला न्हाई."

"आन् मला सांगितलं न्हाई?" प्रमोद म्हणाला.

"तुला सांगून काय? तू गहाण टाकली असती!"

प्रमोदचं तोंड काळं पडलं. तो राग त्यानं जगनवर काढला. "कुलूप तुमचं, चावी तुमची. बोला आता. न्हाईतर उद्या सकाळी मी ठाण्यात तक्रार देतो."

आणि जगन बोलला. डोक्यात विचार यायच्या आधी त्याच्या तोंडातून नाव बाहेर पडलं होतं.

"पहाऱ्याला धम्मदीप असतो."

२

त्या दिवशी आठवडी बाजार होता. कुलूप उघडायला ठेकेदार स्वतः आलेला, म्हणून धम्मदीपला सकाळची सुट्टी होती आणि तो भाजी घेत होता. जगननं त्याला वांग्यांच्या ढिगापाशी गाठलं. प्रमोद मागं होताच. आता माणसानं कसं करावं, बाजूला घ्यावं, दोन शब्द विचारावेत. ते राहिलं बाजूला. जगननं त्याच्या हातातली पिशवी ओढली आणि भर रस्त्यात उलटी केली.

कांदे घरंगळत गेले. मेथीची जुडी कुणाच्या तरी पायाखाली आली.

"कुठं ठेवली?"

"काय ठेवली, जगनभाऊ?"

"सोंग करू नको! खिसे दाव."

धम्मदीपनं खिसे बाहेर ओढून दाखवले. एक बिडीबंडल, गेटची किल्ली, बाकी काही नाही. भोवती रिंगण जमलं होतं. मागून कुणीतरी विचारलं काय झालं, आणि दुसऱ्यानं लगेच सांगूनही टाकलं, "चोर धरला." धम्मदीपनं त्या माणसाकडं पाहिलं नाही. तो वाकला आणि कांदे गोळा करू लागला.

बोरमाळ सापडली नाही याची जगनला थोडी लाज वाटली. थोडीच. कारण परत घरी येऊन त्यानं कोपरान् कोपरा पाहिला, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीच्या दोन काचेच्या पट्ट्या जागेवर नव्हत्या. आडव्या पट्ट्यांची खिडकी ती. कुणीतरी बाहेरून सफाईनं दोन पट्ट्या सरकवून काढल्या होत्या आणि भिंतीशी नीट उभ्या करून ठेवल्या होत्या. जगननं धम्मदीपला बोलावून विचारलं. काढल्या मीच, तो म्हणाला, आणि पुढं काही बोलेना.

जगनला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! आपण बाजारात केलं ते बरोबरच होतं की! त्यानं पोलीस पाटील धुरपताबाईंना निरोप धाडला. गावच्या चार भानगडी त्यांनी ठाण्याची पायरी न चढता निस्तरल्या होत्या. बाईंनी धम्मदीपकडून कबुली घ्यावी, बोरमाळ परत यावी, आणि तक्रार टळावी, एवढंच त्याला पाहिजे होतं. तक्रार गेली असती तर धम्मदीपचं नाव चोर म्हणून लागलं असतं आणि पुन्हा त्याला कुणी दारात उभं केलं नसतं. म्हणजे बघा, आपण त्याच्यावर उपकारच करून राहिलो, असंही जगननं मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धुरपताबाई आल्या, खिडकी पाहिली, खो खो हसल्या आणि म्हणाल्या, "जगन, तुझा चोर तर लई बारीक हाय रे!"

३

"इकडं ये. घाल हात."

पट्ट्यांच्या आत लोखंडी गज होते. जगनचा हात त्यातून खांद्यापर्यंत गेला आणि अडकला. तांदळाचा डबा समोरच्या भिंतीशी, पार पलीकडं.

"आता बोरमाळ काढून दाव."

जगननं हात बाहेर ओढला. धुरपताबाई धम्मदीपकडं वळल्या. अंगणात तो उभाच होता. बस म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. बाईंनी आधी त्याला ओट्यावर बसवलं.

"पट्ट्या काहून काढल्या रे बाबा?"

"मांजर व्हती आत," तो हळूच म्हणाला. "यांनी कुलूप लावलं तव्हा आतच राहिली. रातभर वरडायची. आमाला तर बँकेच्या घराला हात लावायची मनाई हाय. पण मरू कशी देऊ? पट्ट्या काढल्या, गेली बाहीर. पुन्हा बसवाया गेलो त बसनात. मंग भ्यालो."

"जगनला सांगितलं न्हाई?"

"ठेका जाईल म्हणले असते."

जगन असं म्हणालाच असता. त्याचं त्यालाच ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यानं नजर खाली घातली.

बाई आत गेल्या, पाट मागवला आणि डब्यासमोर बसून राहिल्या. मग एकेक प्रश्न काढला. मिराबाईंना विचारलं, "झाकण कसं व्हतं?"

"घट्ट. मला निघंना, उलथनं घालून काढलं."

"तांदूळ खाली सांडलेले?"

"न्हाई."

"डाळीचा डबा? गव्हाची कोठी? कपाट?"

"कशालाच हात न्हाई."

"तांदळात बोरमाळ हाय हे कुणाला ठावं व्हतं?"

"माझ्या बिगर कुणाला न्हाई, देवाशपथ."

"मंग आता तुमीच इचार करा," धुरपताबाई सगळ्यांना म्हणाल्या. "ज्याला सोनं पायजे आन् जागा ठावं न्हाई, तो आधी कपाट फोडील, सगळे डबे उलटे करील. त्यानं झाकण काहून लावावं? इथं तर कुणीतरी निस्ता तांदळाचा डबा उघडला, काम केलं आन् गृहिणीवानी झाकण लावून ठेवलं. त्याला सोनं पायजेच नव्हतं. त्याला तांदूळ पायजे व्हते."

प्रमोद चिडला. "बंद घरात तांदूळ कोण न्यायला येईल?"

"बंद घरात न्हाई रे. बंद व्हायच्या आधी. तुमी सगळे कुलूप लावल्यावर आत कोण आलं ते धुंडून राहिले. कुलूप लावायच्या आधी बाहीर काय गेलं, हे कुणी इचारलं न्हाई."

बोलत बोलत त्या उठल्या आणि मधल्या दाराच्या उंबऱ्यापाशी वाकल्या. फटीतून त्यांनी नखानं काहीतरी उकरलं आणि तळहातावर घेतलं. तांदळाचे दाणे होते, एकदोन कुंकवानं लाल झालेले. त्या दाण्यांकडं त्यांनी खूप वेळ पाहिलं. मग मिराबाईंना विचारलं, आणि आता त्यांचा आवाज मऊ झाला होता.

"कुलूप लागायच्या टायमाला तू कुठं व्हतीस गं?"

"मागं. नळापाशी."

"सोताचं घर बंद होऊन राहिलं, आन् तू नळापाशी?"

मिराबाईंनी पदर तोंडाला लावला. धुरपताबाईही पुढं विचारेनात. दोघींच्याही कपाळावर कुंकू नव्हतं. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात काय होतं ते पुरुषांपैकी एकालाही उमगलं नाही.

"जगन," बाई म्हणाल्या, "घरात बाया असल्या की ताब्याच्या टायमाला एक बाई संगट न्यावी लागते ना? त्या दिवशी कोण व्हती?"

"माझी बायको. सपना."

४

सपना परातीत कणीक मळत होती. नवरा आणि मागं पोलीस पाटील पाहून तिचे हात थांबले. कुणी काही विचारायच्या आत तिच्या डोळ्यांतून पाणी सुरू झालं. तो दाराला धरून उभा राहिला.

"तू पुनमची ओटी भरली ना?" धुरपताबाईंनी विचारलं.

"व्हय," सपना म्हणाली. "पोटुशी पोरगी रिकाम्या ओटीनं घराबाहीर पडून राहिली व्हती, मावशी. मला बघवलं न्हाई. माझ्यापाशी त काहीच नव्हतं. तिच्याच देवघरातलं हळदकुंकू घेतलं, तिच्याच डब्यातले तांदूळ घेतले. वंजळीत एक गाठोडी आली चिंधीची. मला वाटलं हळकुंड-सुपारी बांधून ठेवली आसंल. ओटीत जायचीच चीज ती. दिली टाकून."

"आन् सासू?"

"त्या..." सपना अडखळली. "मी कुंकवाची वाटी उचलली, तशा त्या उठून मागं गेल्या."

"जातोच आमी," धुरपताबाई म्हणाल्या. "आमाला जा म्हणून सांगावं बी लागत न्हाई. नवरा गेला की पोरींची ओटी भरताना बाजूला व्हायचं, ही सवयच लागती अंगाला. ती तिथं उभी असती ना, तर 'आगं त्या डब्यातले नको' एवढं म्हणली असती, आन् हा सगळा तमाशाच झाला नसता."

जगन बायकोवर खेकसला. म्हणजे खेकसायला गेला. "आन् तू गप काहून बसलीस? काल बाजारात एवढं झालं, गावानं पाहिलं..."

"म्हणूनच गप बसले!" सपनानं पिठाचा हात कपाळाला लावला. "चिंधीची गाठ म्हणून कानावर आलं आन् माझ्या काळजात लक्क झालं. पण तवर तुमी त्याची पिशवी उलटी करून आला व्हता. आता मी बोलले तर चोर कोण व्हईल? कुलूपवाल्याची बायको! मला लई भ्याव वाटलं वो. रातभर डोळ्याला डोळा न्हाई." मग ती थांबली आणि नवऱ्याकडं सरळ पाहून म्हणाली, "पण एक सांगा. त्या घरात मी बी व्हते. बँकेचे साहेब व्हते. चावी तर तुमच्याच कंबरंला व्हती. धम्मदीप बिचारा गेटाच्या बाहीर. मंग आमच्यातल्या कुणाचं नाव तुमच्या तोंडात काहून आलं न्हाई?"

जगन कंबरेच्या चाव्या चाचपू लागला. धुरपताबाईंनी त्याची सुटका केली नाही. त्या त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "आता आखरीचं एकच राहिलं. बोरमाळ पुनमकडं पोचली, तर ती पोरगी इतके दिवस बोलली काहून न्हाई?"

५

पुनमला घरच्यांनी यातलं काहीच कळवलं नव्हतं. पोटुशी बाईला असल्या गोष्टी कळवत नाहीत. प्रमोदनं फोनवर एवढंच सांगितलं की आईनं बोलावलंय, सामान आवरायला ये. दुपारी ती आखाडा बाळापूरहून भावाबरोबर आली. अंगणात सगळे जमलेले: मिराबाई, प्रमोद, जगन, सपना, धुरपताबाई, आणि ओट्याच्या कडेला धम्मदीप. धुरपताबाईंनी सगळ्यांना ताकीद देऊन ठेवली होती, पोरगी बोलेस्तोवर कुणी तोंड उघडायचं नाही.

पुनम फाटकातून आत आली आणि तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. बोरमाळ तिच्या गळ्यात होती, उघड्यावर, उन्हात चमकत.

प्रमोद पुढं झाला, धुरपताबाईंनी त्याचं मनगट धरलं.

पुनम थेट सासूकडं गेली आणि पायावर डोकं ठेवलं. "आत्याबाई, तुमी बोलावलं म्हणून घालून आले. रोज पदराआड ठेवते. यांना सांगितलं न्हाई, यांना कळलं तर गहाण टाकतेत." ती हसत होती आणि रडतही होती. "ओटीत गाठ सापडली तव्हा मला खरंच वाटंना. लगीन झाल्यापास्नं तुमी माझ्याशी धड बोलल्या न्हाईत. मला वाटायचं मी तुमाला आवडतच न्हाई. तुमाला सोता ओटी भरता येत न्हाई म्हणून तुमी तांदळात घालून दिली ना? मला कळलं वो आत्याबाई."

मिराबाईंचं तोंड उघडं राहिलं होतं. काल याच तोंडानं त्या लुटलं लुटलं म्हणून ओरडल्या होत्या. ही माळ त्यांना परत हवी होती, आणि ती हाताच्या अंतरावर होती. त्यांनी सुनेच्या गळ्याकडं पाहिलं. मग पोटाकडं पाहिलं. त्यांची मान हळूहळू खाली गेली.

"व्हय," त्या म्हणाल्या. "मीच दिली."

सून पुन्हा पायाला लागली. मिराबाईंनी तिला उठवलं, पण तिच्या डोळ्यात बघायचं धाडस त्यांना झालं नाही. त्या ओट्याकडं वळल्या आणि धम्मदीपसमोर हात जोडून म्हणाल्या, "बाबा, म्हातारीला माफ कर. मी इसरले व्हते." खोटं बोलत होत्या, पुनम सोडून सगळ्यांना कळत होतं, आणि ते खोटं मोडायची कुणाचीच इच्छा नव्हती.

प्रमोदनं तक्रारीचं नाव काढलं नाही. सपनानं धम्मदीपला बाजूला नेऊन रडत रडत सगळं सांगितलं आणि तिचंही मन थोडं हलकं झालं. मग सगळ्यांच्या नजरा जगनवर आल्या.

"चुकलं माझं, धम्मदीप," तो म्हणाला. "झालं गेलं इसरून जा. उद्यापासून ये पहाऱ्याला."

धम्मदीपनं खिशातून गेटची किल्ली काढून ओट्यावर ठेवली.

६

"माफी मला नका मागू, जगनभाऊ," धम्मदीप शांतपणे म्हणाला. "माझं मी गिळून घेईन, सवय हाय. पण काल बाजारात माझी पोरगी माझ्या संगट व्हती."

जगननं चमकून वर पाहिलं. पोरगी? त्याला कुणी पोरगी दिसली नव्हती. गर्दी आठवली, कांदे आठवले, वांगीवालीचं तोंडसुद्धा आठवलं. लेकरू काही आठवेना.

"माझ्या सदऱ्याला धरूनच उभी व्हती. तुमच्या ध्यानात आलं न्हाई. घरी येऊन मला इचारती, बाबा, त्यांनी तुमचीच पिशवी काहून उलटी केली? मला जवाब देता आला न्हाई. तुमी देता का?"

नाही म्हणायची सोय नव्हती. धुरपताबाई चपला घालून उठल्याच होत्या.

धम्मदीपच्या घराला पत्र्याचं छप्पर होतं आणि दारापुढं झाडलोट केलेलं छोटं अंगण. पोरगी उंबऱ्यात बसून दप्तर भरत होती. राणी तिचं नाव. जगनला पाहिल्याबरोबर ती उठली आणि बापाच्या मागं जाऊन उभी राहिली. आपल्याला पाहून एखादं लेकरू असं लपावं, हे जगनच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"बाळा, तुझ्या बाबानं चोरी केली नव्हती," तो म्हणाला. "चोरी झालीच नव्हती."

"मला ठावं हाय," ती म्हणाली.

"माझ्याकडून चूक झाली."

ती बापाच्या मागून थोडी बाहेर आली. "मंग त्यांचीच पिशवी काहून?"

घाई झाली होती, गैरसमज झाला होता, पहारा त्याचाच होता म्हणून. जगननं वाटेत तीनचार उत्तरं जुळवून ठेवली होती. एकेक तोंडापर्यंत आलं आणि परत गेलं. पोरगी वाट बघत होती. अखेर तो खाली, मातीत, तिच्या उंचीला बसला.

"त्या दिवशी घरात लई लोक व्हते," तो म्हणाला. "साहेबाचं नाव घ्यायला मी भ्यालो. घरवाल्याचं घ्यायला भ्यालो. माझ्या बायकोचं तर मनात बी आलं न्हाई. तुझ्या बाबाचं नाव घ्यायला मला भ्याव वाटलं न्हाई. कुणी मला जाब इचारणार न्हाई, हे मला ठावं व्हतं. म्हणून."

राणीनं ते ऐकून घेतलं. तिनं बापाकडं पाहिलं. मग ती आत गेली. धुरपताबाई फाटकापाशी तोंड फिरवून उभ्या होत्या. जगन तसाच मातीत बसून राहिला. त्याला ऊठ असं कुणी म्हटलं नाही, आणि आपण होऊन उठायचं त्याच्यानं होईना.